डाव्या हाताची समीक्षा

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं, फार तर नाटक किंवा गाण्याची मैफल. आज आम्ही ज्या समीक्षेविषयी बोलणार आहोत ती कुठे छापली जात नाही. ती सप्ताहाच्या मांडवामागे चालते, चहाच्या टपरीवर चालते, मोटारसायकल स्टँडला लावता लावता चालते. आपल्या जुन्नर-आंबेगावातले हौशी पखवाजवाले एकमेकांना भेटले की जे बोलतात, तो आजचा विषय. काय बोलतात? कणीक कुठल्या गव्हाची चांगली. वादी चामड्याची बरी की नट-बोल्ट बरे. पुडी कुठे मढवलीस, किती टिकली. परवाच्या कीर्तनात साउंडवाल्याने कशी वाट लावली. ऐकणाऱ्याला वाटेल, ही तर सामानसुमानाची चौकशी, यात संगीत कुठे आलं? आमचं म्हणणं असं की संगीत इथेच आहे. आणि भजनातल्या खालच्या आवाजाबद्दल मराठीत जी काही समीक्षा होते, ती जवळजवळ एवढीच होते.

हौशी हा शब्द आधी नीट करून घेऊ. हौशी म्हणजे कच्चा नव्हे. यातले काही आळंदीला शिकून आलेले असतात. तिथे विष्णुबुवा जोगांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि तेव्हापासून आळंदीच्या वाटेवर मृदंग शिकणाऱ्या पोरांची रांग लागलेली आहे. पण परत आल्यावर कोणी टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात उभा असतो, कोणी शाळेत शिकवतो, कोणी एसटीत असतो. पखवाजावर पोट नाही. कार्तिकातला काकडा, गावचा सप्ताह, एकादशीचं भजन, कुणाच्या घरची वास्तुशांत, कुणाचा दहावा, ही त्यांची व्यासपीठं. मिळकत म्हणजे नारळ, टॉवेल-टोपी आणि कधीमधी पाकीट. ज्याला संगीतातून पैसे मिळत नाहीत तो वाद्यावर पैसे घालतो, हा जगभरचा नियम दिसतो. आणि ज्यात स्वतःचे पैसे घातले त्याबद्दल माणूस फार बारकाईनं बोलतो.

जगभरचा म्हणतो, कारण हेच बोलणं आम्ही पुण्यात बास गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या तोंडूनही ऐकलेलं आहे. तिथे कणकेऐवजी तारा, गट्ट्यांऐवजी खुंट्या आणि साउंडवाल्याच्या जागी साउंडवालाच. लिओ फेंडर यांनी 1951 साली विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. त्याआधी हे काम उभ्या, माणसाएवढ्या वाद्याकडे होतं. ते मोटारीच्या टपावर बांधून न्यायचं, आणि एवढं करून गर्दीत ऐकू यायचं नाहीच. म्हणजे हे वाद्य जन्मालाच आलं ते दोन तक्रारींतून: न्यायला जड आणि ऐकायला हलकं. आपल्या पखवाजवाल्याच्या तक्रारी याच. शिसवी खोड दुचाकीवर मांडीत घेऊन घाट उतरलेल्या माणसाला फेंडरसाहेब लगेच कळतील.

दोघांचं कामही एकच आहे. वरती गाणारा आहे, पेटी आहे, टाळ आहेत. खाली एक जाड, गोल आवाज आहे, ज्याच्यावर हे सगळं उभं राहतं. हा आवाज नीट असेल तेव्हा कुणाचं लक्ष जात नाही. तो बिघडला की सगळ्यांना काहीतरी चुकतंय असं वाटतं. काय चुकतंय ते मात्र सांगता येत नाही.

आता कणकेकडे येऊ, कारण सगळं तिथे आहे. ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी: उजव्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली असते. डाव्या पुडीवर, जिला कुणी धुम म्हणतात, कुणी धामा, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. कणकेच्या वजनानं पुडीचा स्वर खाली येतो. जास्त थापली तर आणखी खाली, कमी केली तर वर. अंदाज साधला की डावी बाजू खर्जात बोलते आणि उजवीशी तिचं पटतं. पण कणीक ओली असते आणि वाजवता वाजवता वाळते. वाळली की हलकी होते, स्वर चढतो, कडेनं भेगा पडतात, एखादा तुकडा उडून शेजारच्या टाळकऱ्याच्या मांडीवर जातो. म्हणून जाणता माणूस पाण्याचा पेला जवळ ठेवतो आणि गायक आलाप घेत असतो तेवढ्यात बोट बुडवून कणकेवर फिरवतो. सूर लावलेला नसतो, लावत राहावा लागतो. मैफलभर.

त्यामुळे सल्ल्यांना अंत नाही. कणीक घट्ट भिजवावी की सैल? थोडं तेल घातलं तर उशिरा वाळते, पण पुडीला धरत नाही, असं एक म्हणतो. दुसरा म्हणतो, आधी पुडीला ओला हात लाव, मग धरते. तिसरा म्हणतो, पंख्याखाली बसूच नको. आणि भजन संपल्यावर कणीक तशीच ठेवून झोपलास तर सकाळी उंदीर आधी वाजवतील, हे तर सगळेच म्हणतात.

यात आपल्या मुलखाची एक खास गंमत आहे. जुन्नर तालुका पश्चिमेला सह्याद्रीच्या ऐन पावसात आणि पूर्वेला पर्जन्यछायेत. मढ, आपटाळे, घाटघरकडे श्रावणात कपडे वाळत नाहीत. बेल्हे आणि आणे पठारावर त्याच श्रावणात ढगांची वाट पाहतात. आंबेगावचंही तसंच, आहुपे एकीकडे आणि लोणी-धामणी दुसरीकडे. चामडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं, कोरड्या हवेत ताणलं जातं. म्हणजे बेल्ह्यात लावलेला पखवाज संध्याकाळी पश्चिम पट्ट्यात उतरवला की उतरलेलाच असतो, आणि पश्चिमेचा माणूस वैशाखात पूर्वेला यात्रेला गेला तर पुडी तडकायची भीती. म्हणून इकडच्या वादकाचा सल्ला नेहमी गावाच्या नावासकट येतो: "तिकडे जाणार असशील तर गट्टे थोडे चढवूनच ने." याला आम्ही भूगोल म्हणावं की सौंदर्यशास्त्र? आम्हाला वाटतं, कोणत्याही खऱ्या सौंदर्यशास्त्राला थोडा भूगोल असतोच.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एवढी सवय सहन करा. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1949 साली एका पुस्तकात फार ठासून मांडलं की एखादी गोष्ट तशी आहे हे ठाऊक असणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं, आणि करता येणं म्हणजे आधी नियम पाठ करून मग ते हातात उतरवणं नव्हे. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण "पखवाज माहीत आहे" आणि "पखवाज येतो" ही दोन वेगळी वाक्यं लहानपणापासून बोलतो. पण मराठीत तिसरंही एक क्रियापद आहे, आणि राइलसाहेबांच्या जोडीत ते बसत नाही: "त्याला पखवाज कळतो." कळतो म्हणजे येतोच असं नाही, आणि नुसती माहिती तर नव्हेच. चांगलं काय, वाईट काय, कशामुळे, याचा निवाडा करता येतो. पखवाजवाल्यांची ही सामानाची बोलणी या तिसऱ्या क्रियापदाची आहेत. कणकेबद्दल सल्ला देणारा हात शिकवत नाही. तो काय ऐकायचं ते शिकवतो. वाळत चाललेल्या कणकेचा स्वर चढतो हे एकदा कुणी सांगितलं की तुम्हाला तो चढताना ऐकू येतो. त्याआधी तो चढतच होता, तुम्हाला ऐकू येत नव्हता. समीक्षेचं काम याहून वेगळं काय असतं?

आणि हे बोलणं आजचं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात चामड्याने मढवलेल्या वाद्यांचा, म्हणजे अवनद्ध वाद्यांचा, एक मोठा अध्याय आहे. लोक त्यातली स्वाती मुनींची गोष्ट सांगतात: तळ्यातल्या कमळाच्या लहानमोठ्या पानांवर पावसाचे थेंब पडताना वेगवेगळे आवाज ऐकले आणि त्यावरून वाद्य घडवलं. गोष्ट सुंदर आहे, कार्यक्रमपत्रिकेत छापायला सोयीची आहे. पण त्याच अध्यायात पुढे वाद्याच्या तोंडावर लावायच्या मातीची चर्चा आहे, ती कुणी सांगत नाही. माती खड्यांची नको, वाळूची नको, गवत आणि तूस असलेली नको, खारट नको. नदीकाठची काळी, मऊ माती उत्तम. आणि ती मिळाली नाही तर? तर गव्हाचं किंवा जवाचं पीठ घ्या. मंडळी, हे शास्त्र आहे आणि हे चहाच्या टपरीवरचं बोलणंही आहे. त्यात फरक शोधणारा चुकेल. ज्यानं ही ओळ शास्त्रात घातली त्याच्यासमोर कुणीतरी वादक बसला असणार, ज्याची माती मैफलीत तडकली होती.

मग आमच्या मराठी समीक्षेनं काय केलं? बा. सी. मर्ढेकरांनी लय हे सौंदर्याचं तत्त्व मानलं, संवाद, विरोध आणि समतोल असे तिचे प्रकार सांगितले; "सौंदर्य आणि साहित्य" 1955चं. त्यावर पुढे अनेक वर्षं वाद झडले, आम्हीही त्यात वर्गात फळा भरून घेतला. त्या सगळ्या लयचर्चेत एखादी पुडी, एखादा डग्गा आम्हाला कधी भेटला नाही. लय होती, पण तिला चामडं नव्हतं. संगीतावर लिहिणाऱ्यांनी गायकावर लिहिलं, रागावर लिहिलं, घराण्यांवर लिहिलं. तबल्या-पखवाजावर लिहिलं तेव्हाही उजव्या हाताच्या तयारीवर, बोलांच्या स्पष्टतेवर. अशोक दा. रानडे यांच्यासारख्यानं भक्तिसंगीताला कलासंगीताशेजारी स्वतंत्र कोटी म्हणून जागा दिली, हे मोठं काम. तरी गावच्या भजनात धुम कशी वाजली, यावर एक परिच्छेद शोधायचा म्हटलं तर दमछाक होते.

शब्द नाहीत म्हणावं, तर वादकांकडे शब्द आहेत. धुम "गोल" असते किंवा "बसकी" असते. "भरीव" असते किंवा "पोकळ". तिला "आस" असते, म्हणजे थाप पडल्यावर आवाज मागे रेंगाळतो, किंवा ती "कोरडी" असते. हे शब्द ढोबळ नाहीत. भरीव आणि पोकळ यांत आवाजाच्या मोठेपणाचा फरक नाही: पोकळ धुम जवळून मोठी वाटते आणि मांडवाच्या टोकाला पोचत नाही. आणि आस नेहमीच चांगली असंही नाही. संथ अभंगात आस हवी. पावली द्रुत झाली की तीच आस पुढच्या थापेवर सांडते आणि चिखल होतो. तेव्हा कणीक थोडी कमी, हात थोडा बंद. मोठ्या आवाजाला मोठा म्हणायला कुणीही शिकतं. आस कुठे संपवायची हे ज्याला कळतं त्याला आम्ही समीक्षक म्हणतो, मग त्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नसली तरी.

सामानाच्या गोष्टींबरोबर येतात त्या कार्यक्रमांच्या गोष्टी. त्यांचं एक लक्षण आम्ही टिपून ठेवलं आहे: यशाच्या गोष्टी फारशा नसतात. गजर रंगात आला आणि पुडी फुटली. बुवांनी ऐनवेळी पट्टी बदलली आणि गट्टे ठोकायला हातोडी सापडेना. थंडीत बोटं चालेनात. चालक पहाटे निघाला, पखवाज टेम्पोत टोमॅटोच्या क्रेटखाली. रात्री एक वाजता भजन आटपून उसाच्या फडांमधून दुचाकीवर परत येण्याच्या गोष्टी तर वेगळाच प्रकार. आपल्या तालुक्याचे बिबटे आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. आणि बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य पाठीला बांधून त्यांच्या मुलखातून जाताना माणसाला काय वाटतं, ते तोच जाणे.

या फजितीच्या गोष्टींत एक नीती असते. प्रत्येक गोष्टीचा शेवट "मग मी काय केलं" असा असतो, आणि जे केलं ते गायकाला कळू न देता केलेलं असतं. पुडी फुटली तर उजव्या हातावर अभंग तोलून नेला. कणीक उडाली तर डावी थाप पुडीच्या मध्यातून कडेला सरकवली. बुवांना पत्ता नाही. वादकाला जो अभिमान वाटतो तो न दिसण्याचा आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचे बासवादक होते. त्यांच्या बोटांवर अमेरिका वर्षानुवर्षं नाचली, पण तबकड्यांच्या वेष्टनावर त्यांचं नाव नसे. मार्विन गे यांच्या 1971च्या एका अल्बमवर ते छापून आलं. तारा तुटल्याशिवाय बदलायच्याच नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. जुन्या, मळलेल्या तारांचा आवाज त्यांना हवा होता. कुणी म्हणेल हट्ट. आपल्याकडचा वादक म्हणेल, बरोबर आहे, नवी पुडी महिनाभर बोलत नाही.

आता या बोलण्याची चिकित्साही केली पाहिजे, नाहीतर आम्ही नुसतेच आरती ओवाळतो आहोत असं होईल.

एक तर उघड आहे. सामानाची चर्चा रियाज चुकवण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे. पखवाज बदलला की हात बदलेल, या आशेवर किती खोडं विकली गेली असतील! नट-बोल्टचा वाद याच जातीचा. पान्यानं दोन मिनिटांत सूर लागतो, हे खरं. वादीच्या पखवाजाला वेळ लागतो, हेही खरं. पण वादीवाले म्हणतात की आवाजच वेगळा, आणि नट-बोल्टवाले म्हणतात की डोळे मिटून ओळखून दाखवा. आम्हाला या भांडणात रस नाही. सप्ताहात दिवसाला चार कार्यक्रम करणाऱ्याला पाना लागणारच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. या बोलण्यात वाद्याचा प्रत्येक भाग नावानं येतो: खोड, गजरा, चाट, लव, शाई, वादी, गट्टे. पुडी मढवणारा माणूस मात्र नावानं क्वचित येतो. "अमक्या गावचा", "पुलाजवळचा", एवढंच. चामड्याचं काम आपल्या समाजानं कोणाकडे लोटलं होतं आणि लोटून त्यांना कुठे उभं केलं, हे या सभागृहात सांगायला नको. चोखोबांचा अभंग गाताना ज्या पुडीवर थाप पडते, ती पुडी करणाऱ्याचा हात त्या अभंगात आहे की नाही? आहे तर मग तो आमच्या बोलण्यात का नाही? कानाला सगळ्यांत बारीक ऐकू येणाऱ्या मंडळींना एवढं ऐकू येऊ नये, हे आम्हाला बोचतं.

आणि नारायणगावात बसून हे आणखी बोचतं. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेच्या तारखा ठरवायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. तमाशातला जीवनगौरव पुरस्कार राज्य शासन आज त्यांच्या नावानं देतं. फडातल्या ढोलकीला डावी बाजू असते, तिला मसाला आतून लावलेला असतो, म्हणून तिथे कणकेची कटकट नाही. पण डाव्या हाताचे प्रश्न तेच: आस किती, हवा कशी, रात्रभर टिकेल का. देवळातला पखवाज आणि फडातली ढोलकी गावात एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. दुरुस्तीच्या दुकानात मात्र त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, आणि तिथे माळकरी वादक फडातल्या ढोलकीवाल्याला विचारतो की कातडं कुठून आणलंस. आम्ही याला समता वगैरे म्हणणार नाही, दुकानाबाहेर पडल्यावर दोघं आपापल्या रस्त्यानं जातात. पण तेवढा वेळ एकाला दुसऱ्याच्या ज्ञानाची गरज असते आणि तो ती बोलून दाखवतो. गावात असं किती ठिकाणी घडतं?

आता ज्या गोष्टीची आम्हाला खरी चिंता आहे तिकडे येतो. तुमच्यापैकी पुष्कळ जण हे व्याख्यान फोनवर ऐकत असाल. बोलण्याला फोन पुरतो. पखवाजाला पुरत नाही. फोनचा भोंगा नखाएवढा. खालचा स्वर हलवायला जेवढी हवा ढकलावी लागते तेवढी त्याला ढकलता येत नाही. डाव्या पुडीचा मूळ स्वर त्यातून जवळजवळ येतच नाही. तरी आपल्याला तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या स्वराचे वरचे अंश पोचतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा भरून काढतो. पण ज्या कानानं खरी धुम ऐकलेली आहे तोच तिची उणीव नीट भरतो. ज्यानं ऐकलेलीच नाही, तो कशावरून भरणार?

आणि आज पोरं फोनवरूनच शिकतात. मोठमोठ्या मृदंगवादकांचं वादन खिशात आहे, ही चैन आधीच्या कुठल्या पिढीला होती? पण बघा काय होतं. पखवाजाच्या भाषेत "धा" म्हणजे दोन्ही हात, "ता" म्हणजे एकटा उजवा. डावा काढून टाका, "धा"चा "ता" होतो. ठेक्यात खाली असते, म्हणजे जिथे डावा हात मुद्दाम गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यामुळे समेवर तो आला की समाधान होतं. फोनवर डावा हात कायमच गप्प. म्हणजे सगळं भजन खालीत वाजतं. पोरगं उजव्या हाताच्या बोटांची करामत उचलतं, आणि ती उचलतंही छान, आमच्या वेळी एवढी तयारी नव्हती. डावा मात्र नुसता आपटतं, कारण तो कधी बोलतो आणि कधी मुका राहतो हे त्यानं ऐकलेलंच नाही.

मांडवातही तेच घडतं, जरा वेगळ्या कारणानं. माईक डाव्या पुडीजवळ नेला की घुमतो, शिट्टी मारतो. साउंडवाल्याला दहा कामं, तो बासचं बटण उलटं फिरवतो. प्रश्न मिटला. बुवांचा शब्द स्वच्छ ऐकू येतो, टाळ कडक ऐकू येतात, धुम वादकाच्या मांडीवर राहते. ज्या मंडळाकडे थोडे पैसे आहेत ते डावीला वेगळा माईक लावतात, थोडा लांब, तिरका. हा सल्ला तालुकाभर तोंडोतोंडी फिरतो आहे, आणि गेल्या काही वर्षांत भजनाचं याहून मोठं भलं कुठल्या परिसंवादानं केलेलं आमच्या पाहण्यात नाही.

कुणी म्हणेल, खालचा आवाज नाहीसा कुठे झाला? वरातीत या, मिरवणुकीत या, डीजेच्या भिंतीसमोर उभे राहा, बरगड्या हलतील. खरं आहे. इतका खालचा आवाज या तालुक्यानं पूर्वी कधी ऐकला नसेल. पण त्याची तऱ्हा पाहा. तो गप्प बसत नाही. मात्रेमागून मात्रा, तोच ठोका, तेवढाच. फोनवर सगळं खाली असतं, तर डीजेवर सगळं भरी. दोन्हीकडे डाव्या हाताला जे करता येतं ते नाही, म्हणजे गायकाकडे बघून थांबणं. ऑक्टोपॅडचंही आमचं गाऱ्हाणं एवढंच आहे. त्यातला धुमचा आवाज कुठल्यातरी उत्तम वाद्यावरून घेतलेला असतो, गोल, भरीव, आससहित. तो वाळत नाही, उतरत नाही, आपटाळ्यात आणि बेल्ह्यात सारखाच. त्यामुळे वाजवणाऱ्याला त्याच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, आणि लक्ष द्यायची सवय गेली की ती फक्त वाद्यापुरती जात नाही. शेजारी गाणाऱ्याचा श्वास कुठे संपतो, तेही ऐकू येईनासं होतं. तमाशाच्या फडात ऑक्टोपॅड आला तो परवडलं म्हणून आला, लोकांनी मागितला म्हणून आला; फडमालकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण ढोलकीवाला त्याच्या शेजारी बसतो तेव्हा त्याचा उजवा हात जास्त चालतो आणि डावा सुट्टीवर जातो, हे कान देऊन ऐकलंत तर तुम्हालाही ऐकू येईल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो, कारण मागे बसलेले दोघे-तिघे मघापासून तीच विचारायच्या तयारीत दिसताहेत. गावच्या सप्ताहाचं चित्रीकरण करणार असाल तर फोन बुवांच्या समोर धरू नका. बुवांचा आवाज कुठूनही येतो. पखवाजवाल्याच्या डाव्या अंगाला, हात-दीड हात अंतरावर, जमिनीपासून जरा उचलून, पंख्याची हवा लागणार नाही असा ठेवा. आणि शिकणाऱ्या मुलाला ते ऐकवाल तेव्हा कानात घालायचा चांगला हेडफोन द्या, किंवा घरात जुना मोठा स्पीकर असेल तर त्याला जोडून ऐकवा. कणीक कधी लावली, किती वाजता पुन्हा ओली केली, हेही त्यात बोलून ठेवा. ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीपाशी असो नाहीतर आळ्याला रेड्याच्या समाधीपाशी असो, तिथे भजनाला रात्री हवा बदलते, आणि अकरा वाजताची धुम आणि पहाटे चारची धुम यांत काय फरक पडला, ते ऐकण्यासारखं असतं. हं, आता विचारा. तेलाचं आधी घेऊ.